न दुखण्याचा कागद

"रिजेक्ट आलंय," भोकरे सर कॉम्प्युटरकडे बघतच म्हणाले आणि आमच्या मागच्या माणसाला त्यांनी हातानं पुढं बोलावलं.

पप्पा बाजूला झाले नाहीत. त्यांच्या गळ्यात कापड मोजायची टेप लोंबत होती. आदल्या दिवशी, मंगळवारी, आईला जयसिंगपूरहून रिक्षात घालून मिरजेच्या या हॉस्पिटलात आणलं तेव्हापासून ती तशीच होती. मला दिसत होती, पण 'पप्पा, टेप' असं म्हणण्यासारखी वेळच आली नव्हती.

"म्हणजे काय झालं, सर?" पप्पांनी विचारलं.

भोकरे सर हॉस्पिटलच्या मेडिक्लेमच्या खिडकीत बसायचे. माणूस वाईट नव्हता. दिवसभर दुसऱ्यांचे नकार वाचून दाखवणं हे त्यांचं काम होतं आणि त्यांचा आवाज त्या कामाला सरावलेला होता. त्यांनी विमा कंपनीचा इंग्रजी मेल मराठीत सांगितला. पेशंटला दोन वर्षांपासून छातीत दुखतंय, अशी केसपेपरवर नोंद आहे. पॉलिसी आठ महिन्यांची. म्हणजे आजार आधीचा आणि फॉर्मवर तो लपवला. कंपनी काही देणार नाही.

"पण तिला कधी दुखलंच नाही," पप्पा म्हणाले. "कालच पहिल्यांदा. मशीनवर बसली होती."

"केसपेपर मी लिहीत नाही, हावळ."

आमच्याकडे शाळांचे गणवेश शिवतात. पप्पा कापतात, आई शिवते. काल सकाळी ती मशीनवरून उठली, डाव्या दंडाला धरून परत बसली, आणि मशीनच्या पाट्यावरच डोकं टेकवलं. तपासणीत हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. मोठ्या डॉक्टरांनी पप्पांना पडद्यावर दाखवलं. एका नळीत दोऱ्याएवढी वाट उरली होती. उद्याच्या आत ती मोकळी करायला हवी, नाहीतर कधीही झटका येईल, म्हणाले. त्यासाठी कंपनीची मंजुरी हवी, किंवा आमच्यानं होणार नाही एवढं डिपॉझिट. सरकारी योजना त्या हॉस्पिटलात नव्हती. सिव्हिलला हलवायचं तर वाटेत काही झालं तर जबाबदारी घेणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं.

पप्पांनी पॉलिसीची पिशवी खिडकीवर ठेवली. प्लॅस्टिकची, चेनची, शाळेच्या शर्टाबरोबर येते तसली. आईनं पॉलिसी स्वतः काढली होती. फॉर्म तिनं स्वतःच्या हातानं भरला होता. 'काही आजार आहे का' च्या पुढं 'नाही' लिहून त्याखाली उगाचच एक रेघ मारली होती, आम्ही उत्तरपत्रिकेत मारतो तशी.

"दोन वर्षं असं सांगितलं कुणी?" पप्पा आमच्याकडं वळले.

आमच्याकडं म्हणजे माझ्याकडं आणि छबूआत्याकडं. आणि अशा वेळी घरात सगळ्यांची मान आपोआप छबूआत्याकडंच वळायची. त्याला कारण होतं.

आमच्या घरात डॉक्टरला खरे दिवस कुणी सांगत नाही. ही आत्याची शिकवण. सरकारी दवाखान्यात एक दिवसाचा ताप म्हणून गेलं तर दोन पांढऱ्या गोळ्या मिळतात आणि वर बोलणी. तोच ताप चार दिवसांचा म्हटला की डॉक्टर मान वर करतो. आठ दिवसांचा म्हटला तर नाडीसुद्धा बघतो. खोकल्याला 'रात्रभर डोळा लागला नाही' हे जोडायचंच. मी पहिलीत असताना माझे टॉन्सिल सुजले, तेव्हा आत्यानं 'महिना झाला, पोरीनं अन्न सोडलंय' असं सांगितलं. मी तेव्हा तिच्या कडेवर बसून बिस्किट खात होते. डॉक्टरनं बिस्किटाकडं बघितलं. आत्या म्हणाली, "हे बी बळंच चारतोय." आम्ही हा किस्सा पाहुण्यांना हसून हसून सांगायचो.

आत्यानं पप्पांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मीच बोलले असंन," ती म्हणाली. "जीव घाबरला हुता, बाळू."

पप्पा मोठ्या बहिणीला कधी उलटून बोलत नसत. त्या दिवशी बोलले, तेही अगदी हळू.

"आक्का, तुझ्या जिभेनं तिचा जीव जाणार."

आत्यानं पदर डोक्यावरून सारखा केला आणि ती बाहेरच्या पायऱ्यांकडं निघून गेली. तिच्या काखेत आईचा निळा पाण्याचा जार होता.

मी तेव्हा आठवीत होते. महिन्यापूर्वीच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरं बक्षीस मिळालं होतं. सातवीपर्यंत वर्गात उभं केलं की मी बाक घट्ट धरून ठेवायची, आणि आता एकदम तोंड फुटलं होतं. दुकानदाराशी मी बोलायची, बँकेत मी बोलायची, पाहुण्यांच्या फोनवर मी बोलायची. आई म्हणायची, हिला आता बटण लावायला पाहिजे. पण त्या खिडकीसमोर माझ्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही.

दुपारी बाराला आयसीयूत पाच मिनिटं सोडलं. आईच्या अंगाला वायरी चिकटवलेल्या होत्या आणि ती त्यांच्याकडं, कुणीतरी वाकडी शिलाई मारल्यासारखी बघत होती.

"झालं मंजूर?"

"होतंय," मी म्हटलं.

"होणारच. एक खाडाखोड नाही माझ्या फॉर्मवर." दोन वाक्यांतच तिला दम लागला. थांबून म्हणाली, "कन्या शाळेच्या सत्तावीस कुर्त्यांची काजं राहिलीत. सोमवारी द्यायचेत. पप्पांना सांग, कॉलर उलटी लावतील, बघून लावा म्हणावं."

मी बरं म्हटलं. तिनं माझा हात धरला. तिच्या बोटांना सुईचे बारीक घट्टे आहेत, ते मला लागले.

"आक्का कुठाय? आली नाही आत?"

"खाली आहे."

"तिला जेवायला घाल. ती आपणहून जेवायची नाही."

तिथून बाहेर आले आणि बाहेरच्या पायऱ्यांकडं न जाता सरळ कॅज्युअल्टीकडं गेले. आईला आणलं तेव्हा ज्यांनी केसपेपर लिहिला त्या तांबोळी मॅडम तिथं होत्या. शिकाऊ डॉक्टर, माझी ताई शोभाव्यात एवढ्याच. डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांना मी सगळं सांगितलं. कंपनी नाही म्हणतेय, तुमच्या एका ओळीवरून.

"केसपेपर खोडता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "भोकरे सर म्हणत होते, तुमच्या कुणी आत्या तसं बोलल्या. त्यांना घेऊन ये. चुकून बोलले असं लेखी देऊ देत, मी खाली शेरा मारते."

"आत्या बोलली नाही."

"मग?"

"मॅडम, तुम्हाला आठवत नाही? मी सांगितलं होतं."

त्यांनी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

काल सकाळी असं झालं होतं. पप्पा रिक्षावाल्याबरोबर स्ट्रेचर ओढत होते, आत्या आईची एक चप्पल शोधायला मागं राहिली होती. कॅज्युअल्टीत पाच-सहा पेशंट, सगळे ओरडत होते. मॅडम मान खाली घालून लिहीत विचारत होत्या, "किती दिवसांपासून दुखतंय?" आई बोलायच्या स्थितीत नव्हती. मी विचार केला. खरं तर विचार केला नाही, ते तोंडात तयारच होतं. आत्ता सुरू झालं म्हटलं तर बाकावर बसवतील. आठ दिवस म्हटलं तरी त्या ओरडणाऱ्या माणसाच्या मागं नंबर. ही हृदयाची गोष्ट होती, म्हणून मी मोठा आकडा घेतला. "दोन वर्षं झाली, मॅडम," मी स्टेजवरच्या आवाजात म्हटलं. "सहन करतेय बिचारी. कुणाला सांगतच नाही." आणि आईला खरंच लगेच आत घेतलं. मला केवढा अभिमान वाटला होता.

आत घेतलं ते ईसीजी बघून, हे मॅडमनी मला आता सांगितलं. मी काहीच बोलले नसते तरी घेतलंच असतं.

मी रडायला लागले. मॅडमनी मला स्टुलावर बसवलं. माझा जबाब लिहून घेतला, 'नातेवाईक मुलगी, वय चौदा, घाबरून चुकीची माहिती दिली', त्याखाली माझी सही, त्यांची सही. वरिष्ठ विचारतील, म्हणाल्या. तरी लिहिलं.

"पण एवढ्यानं होणार नाही," त्या म्हणाल्या. "नाकारल्यावर घरच्यांनी बोलणं बदललं, असं म्हणतील. रोज म्हणतात. आधीचा काहीतरी पुरावा बघ. कुठल्या डॉक्टरनं आधी तपासलं असेल, काही नव्हतं असं लिहिलं असेल."

"आई कधी डॉक्टरकडं गेलीच नाही."

"मग अवघड आहे."

दुखण्याचा कागद सगळीकडे मिळतो. न दुखण्याचा कुठं मिळणार? मी पायऱ्यांवर जाऊन आत्याशेजारी बसले. जार तिच्या मांडीवर होता. माझ्या मनात सगळी वाक्यं जुळवलेली होती, सुरुवात, मध्य, शेवट. तोंडातून एवढंच आलं, "आत्या, ते मी बोलले होते."

"ठावं हाय मला."

"कसं?"

"मी चप्पल घिऊन दारातच हुते की. ऐकलं सगळं." ती रस्त्याकडं बघत होती. "झ्याक बोललीस. मनात म्हटलं, पोरगी माझ्यावर गेली." मग जारचं झाकण घट्ट करत म्हणाली, "शिकवलं मी. मग नाव माझंच लागाय पायजे."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. डोळ्यांसमोर तो जार आला, निळा, पाच लिटरचा, उन्हानं विटलेला. त्यावरची अक्षरं अर्धी उडाली होती. मी ती अक्षरं रोज बघायची, पण वाचली त्या दिवशी. मंडळाचं नाव, आणि खाली 'रक्तदान शिबिर'.

आमच्या घरात असे तीन जार आहेत. आमच्या गल्लीतलं गणपती मंडळ दरवर्षी शिबिर घेतं आणि रक्त देणाऱ्याला जार देतं. आई दरवर्षी पहिल्या पाचांत असते. पुण्य बिण्य काही नाही, तिला जार हवा असतो, स्वतःच सांगते. एकदा दुसऱ्या मंडळानं डबा ठेवला तर तिथंही निघाली होती, तीन महिने झाले नाहीत म्हणून त्यांनी परत पाठवली. आणि रक्त घेण्याआधी सांगलीच्या रक्तपेढीची माणसं फॉर्म भरून घेतात. छातीत दुखतं का, दम लागतो का. डॉक्टर ब्लडप्रेशर बघतो आणि सही करतो. मी तिच्याबरोबर गेलेली होते, मी बघितलं होतं.

मी उठले ते पळतच. आत्या मागून, एका हातात जार, एका हातात निऱ्या.

वडापच्या, माणसं भरभरून नेणाऱ्या रिक्षात कोंबून घेऊन आम्ही सांगलीच्या रक्तपेढीत पोचलो तेव्हा दोन वाजले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, जुने फॉर्म असे देता येत नाहीत, अर्ज करा, सोमवारी या. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्यानं माझ्या हाताला धरून मला मागं ओढलं. मी मनात म्हटलं, झालं. आता ही म्हणणार, पेशंट शेवटच्या घटका मोजतोय.

"बाई," आत्या म्हणाली, "माझी भावजय मिरजेला हाय. काल सकाळी सव्वासाताला दुखाय लागलं. उद्याच्या आत करायला पायजे म्हणलेत. ह्या कागदावर अडलंय." आणि थांबली. एक शब्द जास्त नाही.

बाईंनी चष्मा वर केला. शिबिराची तारीख विचारली. गठ्ठे काढले, धूळ झटकली. पॉलिसीच्या सहा महिने आधीचा एक आणि त्याच्याही वर्षभर आधीचा एक, असे दोन फॉर्म निघाले. 'संध्याराणी बाळासाहेब हावळ.' ब्लडप्रेशर एकशे अठरा, शहात्तर. 'छातीत दुखते का' समोर 'नाही', खाली आईची ती रेघ. डॉक्टरची सही. बाईंनी झेरॉक्सवर शिक्का मारला आणि आम्ही आलो तसं परत.

भोकरे सरांनी कागद दोनदा वाचले. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी सगळं स्कॅन करून पाठवलं, वर कंपनीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडं सरकवला. "तू बोल. वाक्य तुझं आहे."

पप्पा मागं उभे होते. म्हणजे त्यांनाही आता कळणार होतं.

मी पहिल्यापासून सांगितलं. पलीकडच्या माणसाचा आवाज मऊ होता, इस्त्री केल्यासारखा.

"मॅडम, म्हणजे काल तुम्ही खोटं बोललात, असं तुमचं म्हणणं आहे."

"हो."

"मग आज खरं बोलताय, हे आम्ही कसं मानायचं?"

"काल कसं मानलं होतं?"

पलीकडं कीबोर्ड वाजला.

"काल तुम्ही एकही कागद मागितला नाही," मी म्हटलं. "कुणाला फोन केला नाही. एक घाबरलेली मुलगी दोन वर्षं म्हणाली आणि तुम्ही अर्ध्या दिवसात मानलं. आज तीन कागद दिलेत, चार सह्या आहेत, शिक्का आहे."

"आपली विनंती नोंदवून घेतली आहे. कामकाजाच्या चोवीस तासांत आपल्याला कळवण्यात येईल."

"तिच्याकडं चोवीस तास नाहीत."

"आपल्याला कळवण्यात येईल, मॅडम."

फोन बंद झाला. पप्पा पायऱ्यांवर आत्याजवळ गेले आणि तिच्या हातातला जार घेऊन नळावर भरून आणला. तिला प्यायला लावलं. त्यांच्यात माफी अशीच मागतात.

सहाला भोकरे सरांची खिडकी बंद झाली. पप्पांनी मोठ्या डॉक्टरांचे पाय धरायला हात खाली नेले, तर ते मागं सरकले आणि म्हणाले, सकाळपर्यंत थांबू, औषधं चालू आहेत, स्थिर आहे. पप्पांनी भावकीत फोन केले, सोनाराकडं जाऊन आले. जमेल ते जमेपर्यंत सकाळ झाली.

गुरुवारी सात वाजून वीस मिनिटांनी आयसीयूत गजर वाजायला लागले. मला वेळ माहीत आहे, कारण मी दाराच्या गोल काचेतून आत बघत होते आणि समोर घड्याळ होतं. आईची टाच पलंगावर घासत होती, मशीनचा पाय मारल्यासारखी. मग माणसांची पाठ आडवी आली. मोठे डॉक्टर चपलांवरच धावत आले. कुणीतरी मंजुरीचं विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "घ्या आत. कागद मरू देत." आणि पलंग माझ्या अंगावरून गेल्यासारखा गेला. मला फक्त आईची वेणी दिसली, लोंबणारी.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी भोकरे सर वर आले. जिना धावत चढल्यामुळं त्यांना बोलता येत नव्हतं. हातात प्रिंट होती. मंजूर. आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला आहे. पप्पांनी कागद घेतला, घडी घातली, खिशात ठेवायला गेले आणि त्यांचा हात गळ्यातल्या टेपला लागला. त्यांनी ती काढली, बोटाभोवती गुंडाळली. मग भिंतीला टेकून खाली बसले, आणि पप्पांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

आई वाचली. पण त्या झटक्यात हृदयाचा एक भाग गेला तो गेला. ते आता पस्तीस टक्के चालतं. शाळेत पस्तीसला पास म्हणतात. तिला मशीन चालवता येत नाही. शाळेतून आले की मी चालवते, ती खुर्चीत बसून काजं करते आणि माझ्या शिलाईला नावं ठेवते. मी आता दहावीत आहे. तोंडाला अजून बटण लागलेलं नाही. स्पर्धेत पहिली आले यंदा. पण आकडे सांगताना मी थांबते. आईची एक वही ठेवलीय. कधी दम लागला, किती वाजता, किती पायऱ्यांवर, सगळं तारखेसकट.

मागच्या महिन्यात तपासणीला गेलो. तांबोळी मॅडम आता तिथं नाहीत. एक नवीन डॉक्टर होते, अगदी कोवळे. पॉलिसीचं नूतनीकरण पुढच्या आठवड्यात होतं. आईनं ती चेनची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

"जिने चढताना छातीत दुखतं का?" डॉक्टरांनी लिहीत विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

"दम?"

"छे हो. काहीच नाही. कधीच नाही."

वर येताना ती दोनदा थांबली होती, कठड्याला धरून. आता ती हसतही होती. त्या दिवशी मीही बोलले नसेन इतक्या सफाईनं ती खोटं बोलली. छबूआत्या वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत होती. डॉक्टरांचं पेन 'नाही' लिहायला कागदाला टेकलं.

"दहा दिवसांपासून," मी म्हटलं.

टेबलाखाली आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. सुईच्या बोटांचा चिमटा, डोळ्यांत पाणी आलं. मी वही उघडून डॉक्टरांसमोर ठेवली.

"चौथ्या पायरीपासून. लिहा तुम्ही. पुढचं मी बोलते कंपनीशी."